न्हावऱ्याच्या वेशीवर उघडलेली खुर्ची

पुण्याहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या सामानातली एकेक वस्तू हुकाच्या काट्याला लटकवून तोलली. साबणाची अर्धी वडी घरी राहिली, कंदिलाच्या जागी मेणबत्त्या आल्या आणि पितळी तांब्याची रवानगी पुन्हा फळीवर झाली. शेर जाऊन किलो नुकतेच आले होते, त्यामुळे आमच्या वाण्याचा रोज गोंधळ व्हायचा; माझा होत नसे. माझी पत्नी मालती दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "आता मलाही लटकवा," ती म्हणाली, "आणि जड भरले तर ठेवून जा."

तिला ठेवून जायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून तिचा खुबा मोडला. त्याआधी दर हिवाळ्यात आम्ही दोघं पाठीवर बिऱ्हाड घेऊन चार दिवस कुठं ना कुठं पायी भटकून यायचो. खुबा जुळून आल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला हवं तेवढं, पण जमिनीवर बसायचं नाही. बसायचं ते खुर्चीवर, आणि तीही उंच. आता माळावर आणि नदीकाठी खुर्ची कुठून आणायची? ती आपणच पाठीवर न्यायची, असं मी ठरवलं. हलकी, मिटणारी आणि उंच अशी खुर्ची मिळाली तर मालती पुन्हा हिंडू लागणार होती. नाही मिळाली तर आमची भटकंती कायमची संपली, कारण एकट्यानं जायचं नाही हे मी तिच्या खाटेशेजारी बसूनच मनाशी पक्कं केलं होतं.

पुण्यात मी बऱ्याच खुर्च्यांवर बसून पाहिलं. मांडववाल्यांची लोखंडी खुर्ची मिटते छान, पण पाठीवर घेतली तर माणूसच मिटेल. वेताची हलकी, पण तिची घडी होत नाही. शेवटी जुन्या बाजारात लष्कराच्या मोडीतली कॅनव्हासची एक खुर्ची सापडली. काट्याला लावली तर माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना इतकी कमी भरली. मी तिच्यावर बसलो, हललो, उडीसुद्धा मारून पाहिली. बेत असा होता की रेल्वेनं दौंड, तिथून भीमा ओलांडून न्हावरे आणि पुढं शिरूर; रात्री तंबूत किंवा कुणी बाज दिली तर वस्तीवर.

दौंडला उतरलो तेव्हा इंजिनांच्या धुरानं सकाळ काळवंडली होती. रेल्वेत गार्ड असलेल्या माझ्या मावसभावाकडं चहा घेऊन आम्ही नदीवर गेलो. कडुनिंबाखाली मी मोठ्या ऐटीत खुर्ची उघडली आणि मालतीला म्हणालो, "बसा राणीसरकार."

ती बसली आणि पुढच्याच क्षणी टर्रकन आवाज झाला. कॅनव्हास शिवणीतून नाही, मधोमध फाटलं, आणि मालती त्यातून सरळ खाली गेली. मोरीतला तो आवाज मला पुन्हा ऐकू आला. नशीब की मागं आमची वळकटी पडलेली होती. ती वळकटीवर आदळली, पाण्याची बाटली तिच्याखाली फुटली आणि खुब्याला काही झालं नाही. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिला धरून उठवलं. बरीच वर्षं गोदामात घडी घालून पडलेलं कापड घडीवर कुजतं, हे मला उडी मारताना कळलं नव्हतं.

"परत जाऊ या," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

मी तिला मावसभावाकडं सोडलं आणि ती फाटकी खुर्ची काखेत मारून बाजारात शिरलो. तिथं बैलगाड्यांची छतं आणि ताडपत्र्या शिवणारे उस्मानमामा भेटले. दुकानात त्यांच्या वडिलांपासूनचं शिवणयंत्र होतं आणि त्यापुढं मामा स्वतः, चांगले भरलेले. माझी हकिकत ऐकून त्यांनी आधी मला झापलं. "आवो, बाईमानसाला असल्या कुजक्या कापडावर बसवत्यात व्हय? कंबर गेली आस्ती म्हंजी?" मग खुर्ची उलटीपालटी करून म्हणाले, "बसाया उंच पायजे, वजनाला हलकी पायजे. मंग कळकच (भरीव बांबू) लावाय पायजेत. पाठीला लांब टाकतो, म्हंजी मान टेकती. कापड मातुर खाकी संपलंय. मांजरपाट हाय, पांढरा. मळंल जरा."

"मळू द्या," मी म्हणालो. मला फक्त वजनाची काळजी होती.

संध्याकाळपर्यंत खुर्ची तयार झाली. उस्मानमामा ती घेऊन स्वतः मावसभावाच्या घरी आले, अंगणात मांडली आणि मालतीसमोर त्यात बसून डुलून दाखवलं. "बगा ताई, मी बसलो तरी आवाज न्हाई करत."

"छान झाली आहे," मालती म्हणाली, पण जागची हलली नाही. रात्री जेवताना तिनं आपला निर्णय सांगितला. न्हावऱ्यापर्यंत ती येईल. तिथून एसटी मिळते. तोवर खुर्चीवर बसायचा धीर झाला तर पुढं शिरूर, नाहीतर पुण्याला परत, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी मान डोलावली.

सकाळी उस्मानमामांचा माल घेऊन निघालेल्या गाडीनं आम्हाला नदीच्या उतारापर्यंत सोडलं. पुढं पायी. खुर्ची मिटली की माझ्या खांद्याला लागतील एवढे दोन कळक, त्यांच्यामध्ये आडव्या काठ्या आणि त्यावर पांढऱ्या कापडाची घडी, असा तिचा आकार होई. सुंभानं आवळून मी ती खांद्यावर घेतली. बाटली फुटल्यामुळं दौंडच्या बाजारातून एक मडकं घेतलं होतं. ते दोरीच्या शिंकाळ्यात अडकवून हातात धरलं. नव्या कॅनव्हासच्या बुटांनी पहिल्या फर्लांगातच टाचा सोलून काढल्या, तेव्हा बूट पिशवीत गेले आणि मी अनवाणी चालू लागलो. नदीकाठची धूळ मऊ होती. मी पुढं आणि मालती मागं, अशी आमची वरात निघाली.

नावेपाशी पाचसात माणसं थांबलेली होती. आम्हाला बघताच ती बाजूला सरली आणि बोलणं बंद झालं. नावाडी म्हणाला, "तुमी दोगंच बसा. बाकीची मागनं येत्याल."

मला फार बरं वाटलं. परक्या माणसाला आधी वाट देणारी अशी माणसं पुण्यात शोधूनही सापडायची नाहीत.

नाव मध्यावर आल्यावर नावाड्यानं हळूच विचारलं, "आन् तुमची बाकीची मानसं?"

"आम्ही दोघंच आहोत."

"अरारा." तो वल्हं मारायचं विसरला. "पर चौघं तरी लागत्यात की वो."

"छे, हलकी आहे," मी खांद्यावरच्या खुर्चीवर थाप मारली. "मी एकटा पुरतो."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, एवढ्या हलक्या खुर्चीचं त्याला नवल वाटलं असावं. पलीकडं उतरल्यावर तो पैसे घेईना. "ह्याचं न्हाई घेत आमी," म्हणाला आणि आमची पाठ वळताच त्यानं चुळा भरून डोक्यावर पाणी घेतलेलं मालतीनं पाहिलं.

वाट ज्वारीच्या आणि उसाच्या रानांतून होती. ज्वारी निसवलेली, कांद्याच्या वाफ्यांत बायका वाकलेल्या. आम्ही जवळ आलो की त्या उठून उभ्या राहत आणि डोक्यावरून पदर घेत. समोरून एक बैलगाडी आली. गाडीवान आम्हाला बघून थांबला, खाली उतरला, वहाणा काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी मान लववली. "बघ," मी मालतीला म्हणालो, "पायी चालणाऱ्याला अजून मान आहे इकडं."

"मान तुम्हाला," ती म्हणाली. "माझ्याकडं मात्र सगळे कीव केल्यासारखे का बघतायत?"

दुपारी तिचा खुबा ठणकू लागला. ती बाभळीला टेकून उभी राहायची, बांधाला कंबर लावायची, पण बसेना. मी वाटेत खुर्ची सोडायला निघालो की म्हणायची, "नको." मी रागावलो, मग विनवण्याही करून पाहिल्या. न्हावऱ्याचा कळस दिसायला लागला तेव्हा मी मनातल्या मनात पुण्याची एसटी पकडूनही टाकली होती.

गावाच्या वेशीवर पारावरची माणसं आम्हाला बघून एकदम उठली. पटका बांधलेले एक म्हातारे आबा हात आडवा करत पुढं आले. "थांबा, थांबा पावनं! आत न्हाई यायचं."

"का हो आबा? आम्ही पुण्याचे. वाटसरू."

"पुन्याचं असा न्हाईतर काशीचं. गावातनं भाईर न्हेत्यात, भायरनं गावात आनत न्हाईत कवा. मयत कुठं हाय?"

"कसलं मयत?"

"मंग ही कुनासाठी?" त्यांनी माझ्या खांद्याकडं बोट केलं.

"ही? ही हिच्यासाठी," मी मालतीकडं वळून म्हणालो. "मुद्दाम दौंडला करून घेतली."

घागर घेऊन निघालेली एक म्हातारी, जिला नंतर सगळे हौसाक्का म्हणताना ऐकलं, ती घागर खाली ठेवून धावत आली आणि तिनं मालतीला पोटाशी धरलं. माझ्याकडं बघून ती कडाडली, "आरं मुडद्या! कपाळावर कुक्कू हाय तिच्या, चालतीबोलती हाय, आन् तिच्यासाठी तिरडी बांदून हिंडतूस व्हय रं?"

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकदम उभं राहिलं. दोन कळक. आडव्या काठ्या. पांढरं कापड. सुंभ. हातात शिंकाळ्यातलं मडकं, अनवाणी पाय, आणि मी पुढं. नाव, चौघं, जोडलेले हात. उस्मानमामांच्या घरी असली तिरडी कधी बांधत नाहीत, त्यांना कसं सुचावं? पण मी? मी वडिलांना खांदा दिलेला माणूस. माझं सारं लक्ष वजनात. तिचा खुबा मोडला तेव्हा पहिल्या रात्री मी जे चित्र डोळ्यांपुढून हाकलत बसलो होतो, तेच आज सकाळपासून मी तिच्यापुढं खांद्यावर मिरवत चाललो होतो. खुर्ची माझ्या खांद्यावरून घसरली.

मालतीनं हौसाक्काचे हात हळूच सोडवले. ती खाली पडलेल्या खुर्चीपाशी आली, तिनं सुंभाची गाठ सोडली, कळक फाकवले, कापड ताणलं आणि गावच्या वेशीवर, सगळ्यांसमोर, त्यात बसली.

बायका किंचाळल्या. कुणीतरी "रामा, रामा" म्हणालं. हौसाक्कानं तोंडावर हात मारला. "ऊठ गं बाई, ऊठ! इस्तवावर बसल्यावानी काय बसलीस!"

"अहो आक्का, खुर्ची आहे ही. माझा खुबा मोडलाय, खाली बसता येत नाही मला." मालतीनं मान मागं टेकली. कळक जरासुद्धा करकरला नाही. "आणि आता उठणार नाही मी. दोन वर्षांनी उघड्यावर बसले आहे."

मी वेशीवर उभा राहून लहान मुलासारखा रडलो. ते मला लपवता आलं नाही आणि आता लिहिताना लपवावंसंही वाटत नाही.

आबा खुर्चीभोवती एक फेरी मारून आले, कळक चाचपला आणि हसू लागले. त्यांच्यामागं सगळी वेस हसली. हौसाक्का तेवढी हसली नाही. "खुर्ची आसंल," ती म्हणाली, "पर ह्या कापडावर मी हिला गावात न्हाई येऊ द्यायची." ती घरी गेली आणि वाकळीसाठी (गोधडीसाठी) ठेवलेलं एक जुनं हिरवं लुगडं आणि दाभण घेऊन आली. मालतीला वेशीवरच्या पाराच्या कठड्यावर टेकवून तिनं ते लुगडं दुहेरी करून पांढऱ्या कापडावर दोन्ही बाजूंनी शिवलं, पांढरी किनार एवढीशीही दिसेना असं. मडकं आबांनी काढून घेतलं आणि पाखरांच्या पाण्यासाठी वेशीबाहेरच्या बाभळीला टांगलं. मग आम्हाला गावात घेतलं. रात्री बाजरीची भाकरी, भरीत आणि वाटीभर सायीचं दूध जेवलो. मालती हिरव्या खुर्चीत बसून जेवली आणि हौसाक्का जेवण होईपर्यंत तिच्याजवळून हलली नाही. निघताना तिनं ओटी भरली आणि मला मात्र पुन्हा एकदा दम दिला.

शिरूरपर्यंतच्या वाटेवर कुणी वहाणा काढल्या नाहीत, कुणी हात जोडले नाहीत. मालती मनात येईल तिथं बसली. उसाच्या पाटाशी, गुऱ्हाळाच्या सावलीत, आणि शेवटी घोड नदीच्या काठावर, पाण्यात पाय सोडून. शिरूरच्या स्टँडवर कंडक्टरनं खुर्ची टपावर टाकताना विचारलंसुद्धा नाही ती काय आहे.

घरी आल्यावर मला त्या कळकांकडं बघवेना. मी म्हणालो, कापड ठेवू, पण काठ्या सागाच्या करून घेऊ, थोड्या जड झाल्या तरी चालतील. मालती गॅलरीत खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

"कळक टाकू नका हं," ती म्हणाली. "चांगले आहेत. पुढं कधी लागलेच, तर हिरवं तेवढं उसवा."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि शेंगांचं सूप मांडीवरून सांडेपर्यंत हसली. "अहो, त्याला वेळ आहे. आधी पाबळला कधी जायचं ते सांगा."

पाबळच्या सामानाची तोलातोली परवा झाली. साबणाची वडी पुन्हा अर्धी केली. हौसाक्काच्या लुगड्यानं खुर्ची जड झाली आहे, हे उचलताना हाताला कळतं. पण ती मी काट्याला लावली नाही.