जिभेखालची दहा मिनिटं

आमच्या दाजींइतकं बोलणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्याला तोंड उघडायची संधी दाजींनी दिलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहतात पुंडलिकनगरात. एकदा त्यांच्या फोनवर कन्नड तालुक्यातल्या कुणा अनोळखी गृहस्थाचा राँग नंबर लागला, तर दाजी त्याच्याशी पाऊण तास बोलले आणि ठेवताना त्याच्या पोरीसाठी दोन स्थळं सुचवून मोकळे झाले. मला त्यांचा रोज सकाळी फोन. मी मुळात भित्रा माणूस, थोरल्या दाजींचा फोन कापायची हिंमत कुठली? मग हळूच उठून आपल्याच दाराची बेल वाजवायचो आणि "कोणीतरी आलंय दाजी" म्हणून सुटका करून घ्यायचो. दाजी म्हणायचे, "तुमच्याकडं रोज कोन येतं हो सकाळी सकाळी? लईच पाव्हणेरावळे!"

असा माणूस एकदा गप्प झाला, आणि आमच्या घराचा धीरच सुटला. शेंद्र्याच्या कंपनीत पेटी उचलताना त्यांची पाठ भरली. कोणा डॉक्टरनं दुखण्यावर आठ दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. दाजींनी त्या दोन वर्षं चालवल्या. चिठ्ठी न विचारणारं एक मेडिकल त्यांना शेंद्र्याच्या रस्त्यावर सापडलं होतं. शेवटी शेवटी दिवसाला पंधरा-पंधरा कॅप्सूल. घेतल्या की ताटावर डुलक्या, नाही मिळाल्या की घाम, जांभया, नाकाला धार आणि पायांत गोळे. एका दुपारी अक्काचा फोन आला, "हे उठंनात रे." धावत गेलो तर दाजी मोरीच्या दारात आडवे, ओठ निळे, आणि एका श्वासानंतर दुसरा येतो की नाही याची वाट बघायची पाळी. दवाखान्यात ते वाचले.

मग त्यांना सरकारी दवाखान्यातल्या व्यसनावरच्या औषधाच्या केंद्रात नेलं. तिथं गोळी देणारे शकीलभाई. नियम असा की कॅप्सूल बंद करून अंग चांगलं मोडून आल्यावरच पहिली गोळी मिळायची. ती शकीलभाई कुटून स्वतः जिभेखाली ठेवायला लावणार, गिळायची नाही, आणि पार विरघळेपर्यंत, म्हणजे दहा मिनिटं, चकार शब्द बोलायचा नाही. रोज यायचं, रोज हेच. ऐकून दाजींनी मला बाजूला घेतलं. कापत होते बिचारे, तरी विचारलं काय? "दहा मिन्टं? दुसरं काही औषध नाय का, कडू असलं तरी चालंल?" पण बसले. पहिल्या आठवड्यातच त्यांनी बाकावरच्या लोकांशी खाणाखुणा करून बोलायला सुरुवात केली. भुवयांनी चौकशी, बोटांनी सल्ले. एका माणसाला तर त्यांनी नुसत्या हातवाऱ्यांनी पाठदुखीची सगळी कथा ऐकवली. शेवटी शकीलभाई ओरडले, "दाजी, हात बी बंद करो!" दहा मिनिटं झाली की, "जबान उठाव, दिखाव." जीभ उचलून दाखवली की जी सुटायची, ती घरी जाईपर्यंत थांबायची नाही. त्या गोळीनं नशा चढत नव्हती, फक्त तलफ मरायची. पण आम्हाला दाजी परत मिळाले, कामावर जाऊ लागले. तीन वर्षं एक दिवस चुकला नाही. मी मात्र रोज घाबरतच असायचो, की उद्या चुकले तर?

मग भाचीचं, म्हणजे दाजींच्या पोरीचं लग्न ठरलं, देवगाव रंगारीला. व्याह्यांना गोळीचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी दाजींवर भरवसा ठेवून दोन दिवसांच्या गोळ्या सोबत दिल्या. हळदीच्या सकाळी दाजींनी जानवशाच्या कोपऱ्यात बसून गोळी जिभेखाली धरली आणि नेमके तेव्हाच व्याही चार वडीलधारी माणसं घेऊन दारात! "नमस्कार, नमस्कार!" दाजी गप्प. नुसते हात जोडून डोळे मिटले. व्याही हळूच मला म्हणाले, "मौन हाय का?" मी म्हणालो, "व्हय." झालं! दोन म्हाताऱ्या तर चक्क त्यांच्या पाया पडून गेल्या. दहा मिनिटांनी मौन सुटलं आणि पुढचे चार तास व्याह्यांना उसंत मिळाली नाही. "केवढं साठलं होतं हो यांचं!" असं ते कौतुकानं सांगत फिरले.

लग्न छान झालं. पंधरा दिवसांनी एका सकाळी दाजींचा फोन आला आणि त्यांनी तो दोन मिनिटांत ठेवला. स्वतः! दुसऱ्या दिवशी एक मिनिट. "सर्दी झालीया जरा." तिसऱ्या दिवशी फोनच नाही. मी अक्काला फोन लावला. अक्का म्हणाली, "केंद्रात जातेत की रोज, येळेवर." मी केंद्र गाठलं. शकीलभाई म्हणाले, "आठ दिन से आयेच नहीं, साब." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अब्बी जाके ढूंढो. आता अंगाला सवय ऱ्हायली नाई. पुरानी गिनती से कॅप्सूल खाए तो साँस बंद हो जाती."

शेंद्र्याच्या रस्त्यावर मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. डोळ्यांसमोर सारखे ते निळे ओठ. "मारुतीराया, दाजी बोलत असू देत, काहीही बोलत असू देत," एवढंच घोकत होतो.

त्या मेडिकलसमोरच्या चहाच्या टपरीवर ते बसले होते. नाक गळतंय, अंगावर काटा, पाय एका जागी ठरत नाहीत. हातात कॅप्सूलचं पाकीट, न फोडलेलं. मी ते हिसकावून घेतलं आणि, खोटं कशाला बोलू, भर रस्त्यात रडलो. दाजी म्हणाले, "तुमच्या अक्कानं भद्रा मारुतीला नवस केलाय. लग्न पार पडलं की हे गोळी कायमची सोडतील म्हणून. मग तिला न सांगताच सोडली, जमलं की सांगू म्हनून. मला सोसंना, पन आता गोळी घेतली आन् पोरीच्या संसाराला काही झालं तर?"

तीन वर्षं जपलेला माणूस आम्ही असा नवसाला लावला होता! अक्काला हे कळलं तेव्हा तिनं हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला. मग डोळे पुसून म्हणाली, "नवस मी बोलले, फेडायचा मीच. मारुतीला मी समजावून सांगते, तो तुमच्यासारखा हट्टी नाय." आणि दिवसाला आठ कप पिणाऱ्या माझ्या अक्कानं चहा सोडला. आजतागायत.

शकीलभाई रागावले नाहीत. डॉक्टरांनी तपासल्यावर एवढंच म्हणाले, "आ गए? बैठो." ती दहा मिनिटं मी दाजींचा हात धरून बाकावर बसलो. त्यांनी बोटंसुद्धा हलवली नाहीत.

लोक विचारतात, गोळी कधी सुटणार? डॉक्टर म्हणतात, घाई नाही. मीही आता विचारत नाही. केंद्रातून निघाले की दाजी मला फोन करतात, साधारण साडेनऊला. आज पावणेदहा झाले, दहा झाले, फोन नाही. मी दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. दहा वाजून दहा मिनिटांनी वाजला. केंद्रात लाईन मोठी होती, आणि त्या लाईनीतल्या प्रत्येकाची हकिकत दाजींना मला सांगायची होती. पाऊण तास ते बोलत होते. मध्येच आमच्या दाराची बेल वाजली, खरीखुरी.

मी उठलो नाही. म्हणालो, "कोणी नाही दाजी. तुम्ही बोला."