सरांची माकुडी आणि उरलेलं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या टाकीत पाणी साठलं नाही, पण स्टाफरूममध्ये किस्से लई साठले. बाकीचे ते हसून सांगतात. मला अजून राग येतो, कारण प्रत्येक किश्शात माझीच कुंडी आहे. माझी तरी कुठली, पदमवार सरांची.

सरांनी मला याच कॉलेजात बॉटनी शिकवली, आता मी तिथंच शिकवते. रिटायर झाले, गुडघे गेले, तेव्हा लातूरचं घर सोडून ते देगलूरला मुलाकडे राहायला गेले. जाताना कुंडी माझ्या हातात दिली. शिंदळ माकुडी. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवणारं, मांसल खोडाचं दुर्मिळ झाड. उन्हाळ्यात पानं टाकून देतं, नुसत्या बोटाएवढ्या जाड काड्या उरतात, बघणाऱ्याला वाटतं मेलं. पावसाळ्यात पुन्हा पानं फुटतात आणि पिवळ्या ठिपक्यांचं लालसर फूल येतं.

सरांनी नियम एकच सांगितला. "पानं गळाली की पाऊस पडेपर्यंत थेंबभर पाणी द्यायचं नाही. ही उपाशी मरत नाही, लाडानं मरते." मग चष्मा पुसत म्हणाले, "जगली तर एकदा दाखवायला आण. मेली तर मला सांगू नको."

आमच्या घरी गॅलरीत पाण्याचे निळे ड्रम. कुंडीला ऊन लागेल अशी जागाच नाही. म्हणून मी ती स्टाफरूमच्या खिडकीत नेऊन ठेवली. तिथंच माझं चुकलं.

*

पहिल्याच दिवशी प्राचार्य आले. कुंडीकडे बघून म्हणाले, "गायकवाड मॅडम, या झाडाचं नाव काय?"

"शिंदळ माकुडी."

प्राचार्यांचे कान लाल झाले. "मराठी नाव राहू द्या. इंग्रजी सांगा."

"फ्रेरिया."

"हां, हे चांगलं आहे. कुंडीवर हेच लिहा. इथं मुली येतात."

झाडाला पाणी किती लागतं, ऊन किती लागतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नाव मात्र चारित्र्यवान पाहिजे.

*

एप्रिलमध्ये सगळी पानं गळाली. मी निवांत होते. एके दिवशी सहज कुंडीत बोट घातलं तर चिखल! कॉलेजच्या नळाला पंधरवडा पाणी नाही आणि माझ्या कुंडीत चिखल.

दुसऱ्या दिवशी पेपर तपासायचं निमित्त करून बसले. आमचे शिपाई शेख मामा जारचं पाणी ग्लासात भरून सगळ्यांना देऊन गेले. भूगोलाचे बिरादार सर अर्धा ग्लास प्याले, उठले, खिडकीशी गेले आणि उरलेलं माझ्या कुंडीत ओतून आले. मग होम सायन्सच्या कुलकर्णी मॅडम उठल्या. मग इंग्रजीचे सर. एकेक जण देवळात जाऊन आल्यासारखा चेहरा करून परत जागेवर बसत होता.

"अहो, हे काय करायलात?"

बिरादार सर शांतपणे म्हणाले, "उरलं होतं मॅडम. वाया कशाला घालवायचं?"

*

मी चिठ्ठी लावली. 'या झाडास पाणी घालू नये.' तासाभरात प्राचार्यांचं बोलावणं आलं.

"मॅडम, दुष्काळ चालू आहे. पालक येतात, पत्रकार येतात. पाणी घालू नये, असं कॉलेजात लिहिलेलं बरं दिसतं का?"

"सर, पण त्या झाडाला पाणी चालत नाही."

"मग असलं झाड आणलं कशाला दुष्काळात?"

मी म्हणाले, "सर, दुष्काळात असलंच झाड आणायचं असतं." त्यांनी चिठ्ठी काढायला लावली ती लावलीच. त्या दिवशी मी डबासुद्धा खाल्ला नाही.

*

बिरादार सर मूळचे उदगीरचे. उदगीर जिल्हा होणार, यावर त्यांचा पगारापेक्षा जास्त भरवसा. रस्ता खराब? जिल्हा होऊ द्या. एसटी लेट? जिल्हा होऊ द्या. माझ्याकडे माकुडीची काडीसुद्धा मागून ठेवली होती, नव्या कलेक्टर ऑफिसात लावायला.

मे महिन्यात त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला, झाला जिल्हा. सरांनी तडक पेढे मागवले. स्टाफरूममध्ये टाळ्या, फोटो, प्रत्येकाला दोन-दोन पेढे. पेढ्यावर पाणी आलंच. पाण्यावर उरलेलं पाणी आलं. मी परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजनला होते.

परत येते तर मेसेज खोटा निघालेला. बिरादार सर डोकं धरून बसलेले आणि कुंडीतून पाणी खाली फरशीवर गळत होतं.

"सर, जिल्हा तर झाला नाही, तलाव मात्र झाला," मी म्हणाले. कुणी हसलं नाही. मीही हसायला म्हटलं नव्हतं.

*

यावर कडी प्राचार्यांनी केली. कॉलेजात पाणी बचतीचा कार्यक्रम ठेवला. मोठे पाहुणे बोलावले. आता उद्घाटन कसं करायचं? रोपट्याला पाणी घालून! आवारातली झाडं वाळून कोळसा झालेली. अख्ख्या कॉलेजात धड कुंडी एकच.

मी मुलांना रांगेत बसवून वर बघते तर स्टेजवर माझी माकुडी. गळ्यात झेंडूचा हार. पाहुण्यांच्या हातात तांब्या. तांब्या काठोकाठ भरलेला. मी हात हलवला, उभी राहिले, "सर, नको" म्हणाले, तेवढ्यात टाळ्यांचा आवाज. पाहुण्यांनी शेवटचा थेंबसुद्धा झटकून घातला. मग माइकवर गेले आणि पाण्याचा एकेक थेंब जपा, यावर अर्धा तास बोलले.

आठवड्यात काड्या मऊ पडल्या. दाबलं की पाणी यायचं. कुजका वास सुटला. मी ब्लेड घेऊन बसले, कापत गेले, कापत गेले. शेवटी एक काडी निरोगी निघाली. वीतभर. आता सरांना काय तोंड दाखवू?

*

माकुडीची कापलेली काडी आधी कोरड्या जागेत सुकू द्यावी लागते, मगच लावायची. मी ती पेपरावर ठेवून कपाटाच्या वर सरकवली. म्हटलं, तिथं कुणाचा हात जाणार नाही. दुसऱ्या दिवशी आले तर काडी टेबलावर, पाण्यानं भरलेल्या ग्लासात उभी.

कुलकर्णी मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "बिचारी वाळून चालली होती गं. मीच ठेवली. माझं पाणी उरलंच होतं."

मग माझं डोकं फिरलं. "तुम्ही माणसं आहात का कोण? दोन महिने घसा कोरडा करून सांगायलेय. एका म्हाताऱ्या माणसाचं झाड आहे ते, त्याचा जीव आहे त्यात. तुम्हाला एवढंसं कळत न्हाई?" लेडीज हॉस्टेलपर्यंत आवाज गेला, असं नंतर कळलं.

बिरादार सर तेवढे बोलले. "मॅडम, आमच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला आणि भांड्याचं संडासला. टँकर कधी येईल त्याचा पत्ता न्हाई. इथं अर्धा ग्लास मोरीत ओता म्हणता? हात धजत न्हाई हो."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला. काडी उचलली, पुसली आणि घरी नेली. गॅलरीतला एक ड्रम आत स्वयंपाकघरात घेतला, तेव्हा कुठं तिला जागा झाली.

*

जूनमध्ये आभाळ नुसतं भरून येत होतं, पडत नव्हतं. तरी काडीनं मूळ धरलं, शेंड्याला दोन पानं आली. मी ती छोटी कुंडी मांडीवर घेऊन एसटीनं उदगीरमार्गे देगलूरला गेले.

सर ओसरीत बाजेवर बसले होते. मला बघून काही विचारलं नाही, आधी माझ्या हाताकडे बघितलं. मी कुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा चढवला, पानं बघितली, खोड हलकेच दाबलं, मातीत बोट घातलं.

"काडी एकच राहिली, पण कोरडी ठेवलीस," सर म्हणाले. "शाब्बास. एवढं कुणी ऐकत नाही."

माझे डोळे भरून आले. स्टाफरूममधलं मी त्यांना काहीच सांगितलं नाही.

सूनबाई आतून दोन पेले पाणी घेऊन आल्या. सासऱ्यांना तिकडं सीमेवरच्या घरांत बोलतात त्या तेलुगूत काही म्हणाल्या; सरांनी मला सांगितलं, टँकर आज पण आला नाही. सर बोलत बोलत अर्धा पेला प्याले. लातूरच्या रेल्वेचं विचारलं, बिरादार सरांच्या जिल्ह्याचं विचारलं. मग पेल्यात उरलेल्या पाण्याकडे बघितलं. अंगणाकडे बघितलं. आणि पेला हळूच माकुडीच्या बुडाशी तिरपा केला.

"सर!"

"वाया कशाला घालवायचं," सर म्हणाले, आणि माझ्या हाताकडे बघून हात पुढे केला. "तुझ्या पेल्यात उरलंय का?"

मी पेला दिला.