ज्ञानदीपचं फडकं

ज्ञानदीप माझा विद्यार्थी. पन्नाशी ओलांडली, तरी मल्हारगंजच्या गल्लीत मी दिसले की स्कूटर बंद करून खाली उतरतो. आजोबा महूला फौजेत होते, ती शिस्त.

विमानतळावर तो विमानांची चाकं आणि ब्रेक सांभाळतो. जुन्या विमानांत ब्रेक दाबायला नळ्यांतून जांभळट तेल जोरानं येतं. रोज पहाटे विमानाखाली शिरून तो नळ्यांच्या प्रत्येक जोडावर पांढरं फडकं फिरवतो. डाग पडला की गळती. त्या तेलानं त्याच्या बोटांची सालं कायम निघालेली असतात.

कंपनीची नवी विमानं येणार होती. त्यांत तेल नाही. ब्रेक विजेच्या मोटारी दाबणार. या नव्या ब्रेकची परीक्षा पास झाला तर हेच काम, नाहीतर मालाच्या गोदामात बदली.

लेखी पेपरात तो पास झाला. प्रात्यक्षिकात मात्र ब्रेक समोर येताच त्यानं सवयीनं फडकं काढलं आणि वीज बंद न करताच पुसायला हात घातला. तिथेच नापास.

"काय बताऊं बाई," तो म्हणाला, "सोबतची पोरं हसली. म्हणे, भिया, करंट टपकतो काय?"

एकच संधी उरली होती. त्याच्या बायकोनं, कौसल्यानं, घरी पहारा सुरू केला. मी गेले तेव्हा तो नुकताच ड्यूटीवरून येऊन कूलर पुसायला निघाला होता.

"अहो! हात मागे!"

"अगं, बंदच आहे तो."

"आणि प्लग? गोदामात पेट्या उचलायच्या का इस उमर में?"

तो हात मागे बांधून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. इतका दमलेला की मीच उठून प्लग काढला.

"बाई, तुम्ही नका लाडावू," कौसल्या म्हणाली.

परीक्षेच्या सकाळी तिनं त्याच्या खिशातून फडकं काढून घेतलं. तिथे त्याचा हात खिशाकडे गेलाच. खिसा रिकामा. मग आठवलं, आधी वीज.

पास झाला. दोघं माझ्याकडे पेढे घेऊन आले. तो खुर्चीत बसला, पाणी मागितलं.

"खुश आहेस ना रे?"

"हो बाई. पण गळती डोळ्यांना दिसायची. आता स्क्रीन सांगेल ते खरं." त्यानं डोळे मिटले. "रिटायर होईपर्यंत हात खिशाकडे जाणारच."

"जाऊ दे," कौसल्या म्हणाली. "खिसा मी रोज बघीन."