कोटातला वीर

आमच्या देव्हाऱ्यात एक वीर होता. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला, अंगठ्याएवढा टाक. घरातलं कोणी लढाईत पडलं की त्याचा असा टाक करून देवांत बसवायचा, ही आमची रीत. आमचा वीर म्हणजे माझे पणजोबा. आता गंमत अशी, की ते लढाईत पडलेच नव्हते.

पणजोबा इंग्रजांच्या पलटणीतून काबूलकडच्या लढाईवर गेले. तिकडून सांगावा आला की शिपाई ठार झाला, कोटावरच्या नंबरावरून ओळख पटली. घरच्यांनी दहावं-तेरावं उरकलं, टाक बसवला. वर्षभराने पणजोबा आपल्या पायांनी घरी आले. पण एकदा बसवलेला टाक उठवत नाहीत. म्हणून पुढची पन्नास वर्षं ते ज्या घरात राहत होते, त्याच घरात मेलेले म्हणून पुजले जात होते. धुळवडीला वीराला पुरणपोळीचा नैवेद्य असायचा. तो दाखवून होईपर्यंत पणजोबा उंबऱ्याबाहेर बसून राहायचे, घास घ्यायचे नाहीत. लहानपणी हे ऐकून आम्ही भावंडं हसून लोळायचो. स्वतःच्या नैवेद्याची वाट बघणारा माणूस पुण्यात तरी दुसरा झाला नसेल.

पुढे गाव महापालिकेत गेलं, शेतावर इमारती उठल्या आणि आम्ही सातव्या मजल्यावर राहायला गेलो. खडकीची माझी नोकरी तेव्हा नुकतीच संपली होती, रिकामपण खायला उठायचं. देव्हारा लावताना दिसलं की वीराचा आणि बाकी देवांचे टाक पार गुळगुळीत झालेत. असे टाक सोनाराकडून मोडून त्याच चांदीचे नवे करून घेतात, त्याला उजळून आणणं म्हणतात. मी सातही टाक फडक्यात बांधले आणि रविवार पेठेत एका सोनाराकडे देऊन आलो. दुसऱ्या दिवशी मोठ्या थाटात आत्याला फोन लावला. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, लोणी काळभोरला असते.

"वीर बी दिलास?" तिने विचारलं.

"दिला. अगं, चेहरा तरी कुठे राहिला होता त्याला?"

आत्या म्हणाली, "आरं, त्यो तुझा पणजा न्हाय. आत्ताच्या आत्ता जा आन् माघारी आण त्याला."

मग तिने फोनवरच सगळं सांगितलं. पणजोबा गेले ते माघातल्या थंडीत. त्यांचं शेवटचं सगळं त्यांच्या सुनेनं, म्हणजे माझ्या आजीनं केलं. ती अंगावर घोंगडी टाकायची, की ते काढून बाजूला ठेवायचे. म्हणायचे, "त्याच्या अंगावर टाक." दोन दिवस आजीला वाटलं, म्हातारा बरळतोय. तिसऱ्या दिवशी त्यांनी नीट शुद्धीवर येऊन सांगितलं. पलटण मागे हटत होती. सोबतचा एक शिपाई तापाने फणफणून वाटेतच पडला. पणजोबांनी आपला कोट काढून त्याच्या अंगावर घातला, पाणी घेऊन येतो म्हणाले, आणि चालायला लागले ते थांबलेच नाहीत. त्याचं गाव ठाऊक नव्हतं, नाव कधी विचारलं नव्हतं. घरी आले तर देव्हाऱ्यात हा बसलेला.

"माजा टाक करू नगा," त्यांनी सुनेला सांगितलं. "त्याला तेवढा जेवाय घालत ऱ्हावा. त्याला दुसरं कोन हाय?" त्याच दिवशी ते गेले. घोंगडी पायाशी घडी घातलेली होती. परक्याला देवांत कोण ठेवून घेईल, या भीतीने आजी आयुष्यभर बोलली नाही. मरताना तिने फक्त आत्याला सांगितलं.

मी फोन ठेवला. रिक्षा करून पेठेत पोचलो, वाटेत दोनदा दुकानात फोन केला, कोणी उचलला नाही. सोनार शांतपणे चष्मा पुसत होता.

"काका, उजळायलाच दिले होतेत ना? मग उजळले. आता परत काळे करून देऊ का?"

"वीराची चांदी वेगळी असेल ना? तेवढी तरी द्या."

"सातही एकाच मुशीत वितळले. आता त्यातला तुमचा वीर मी कसा ओळखू?"

मला स्वतःचा भयंकर राग आला. शंभर वर्षांहून जास्त तो आमच्या घरात राहिला होता, आणि मी त्याला फडक्यात बांधून इथे टाकून गेलो होतो. जाताना "येतो दोन दिवसांनी" असंही म्हणालो होतो.

नवा टाक घोड्यावरचा आला. आमचा पायदळातला होता म्हणून मी वाद घातला. सोनार म्हणाला, वीर घोड्यावरच असतो, दुसरा ठसा नाही. घोड्यावरच्या माणसाचे नाकडोळे रेखीव होते. तो कोण, देव जाणे.

तेव्हापासून मला घरात नीट बसवत नाही. देव्हाऱ्यासमोरून जाताना मी पाय न वाजवता जातो. उन्हाळ्यातही तिथली फरशी मला गार लागते, बायकोला लागत नाही.

यंदा धुळवडीला नैवेद्य वाढला. आत्याच्या सांगण्यावरून मी आधी पाण्याचा तांब्या ठेवला. मग माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून आणली आणि त्या टाकाच्या अंगावर घातली.

"अहो, बाहेर ऊन बघा," बायको म्हणाली. "धुळवडीला कसली थंडी?"

"तू वाढ," मी म्हणालो, आणि दार उघडून उंबऱ्याबाहेर जाऊन बसलो.