हातातला गडवा

आमच्या गावात सुनेनं एकटीनं उंबरा ओलांडला की दहा जणी विचारत, "काऊन वो, कुठी चालली?" पण हातात पाण्यानं भरलेला पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या असला, की कोणी विचारत नसे आणि मागेही येत नसे. हे शहाणपण मला विशीच्या आत आलं. बाकी तेव्हाच्या त्या पोरीला, म्हणजे मला, शहाणपण म्हणून काही नव्हतंच.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि गडचिरोलीच्या बाजूला जंगलाला लागून आमचं धानाचं गाव होतं. माझा पहिला मुलगा बारशाआधीच गेला. सासरे आणि आमचे हे त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले आणि हातपाय धुऊन परत आले. कुठे ठेवलं ते बाईनं विचारायचं नाही, अशी रीत. घरात त्याचा विषय निघेना, आणि माझं पोटाचं दुखणं सुरू झालं.

घास पोटात पडायचा अवकाश, मुरडा उठे. कधी पळापळ, कधी दोन दिवस काहीच नाही, पोट नगाऱ्यासारखं तट्ट. मी सारखी गडवा घेऊन झुडपांकडे. दुखणं खरंच होतं. पण जाता जाता मी पोराला पुरल्याची जागा शोधायला लागले. नाल्याकाठी, मोहाखाली, पळसांच्या रांगेत. उकरलेली माती दिसली की मी वाकून बघे. बहुतेक ठिकाणी रानडुकरांनी उकरलेलं असे.

शेवटी सासूनं छकडा जुंपायला लावला आणि मला गडचिरोलीच्या वैद्यबुवांकडे नेलं. वाटेत मी इतक्यांदा उतरले, की परतताना बैल त्याच झुडपांपाशी आपणहून थांबले.

वैद्यबुवा नाडी धरून मला विचारत आणि उत्तर सासू देई.

"भूक लागते?"

"घासभर खाते अन् पळते."

"रक्त पडतं? ताप येतो?"

"नाई जी."

"कधीपासून आहे हे?"

सासू बाहेर बैलांकडे पाहू लागली. मी पदराचं टोक पिळत बसले.

"ग्रहणी आहे," ते म्हणाले. "अन्न धरून ठेवणारी जागा दुबळी झाली, अग्नी मंदावला. मिरची आणि शिळं बंद. जुन्या तांदळाची पेज द्या, वेळेवर. लोणी काढलेलं ताजं ताक, त्यात सुंठ आणि भाजलेलं जिरं. सोबत हे कच्च्या बेलाचं चूर्ण." पुडी बांधताना आवाज उतरवून म्हणाले, "शोकानंही अग्नी विझतो, बाई. हिला रडू द्या."

सासूनं ताक तेवढं ऐकलं. बाकीचं वाटेत कुठेतरी सांडलं.

ताकानं गुण आला. "बरी झाली माही सून!" सासू गावभर सांगत सुटली. मग गडवा सकाळी एकदाच हातात येई, तोही जावेच्या सोबतीनं. शोध थांबला. तेव्हा या अक्कलवंत पोरीनं काय करावं? ताक गोठ्यामागे ओतलं, मिरच्या चोरून खाल्ल्या, पोट धरून कण्हायला सुरुवात केली. नाटक इतकं झकास वठलं की थोड्याच दिवसांत पोटालाही ते खरं वाटलं.

आणि मला जागा सापडली. ऐनाच्या झाडाखाली दाबून बसवलेली माती, वर दगड ठेवलेला. बाळाएवढीच. मी रोज जाऊन बसे, मातीवरून हात फिरवी, "भूक लागली का रे?" विचारी. अंगाईसुद्धा म्हणे, हळू आवाजात.

एका दुपारी कुदळ घेऊन एक माणूस आला. जंगलातल्या पाड्यावरचा, आमच्याकडे चारोळी विकायला यायचा.

"सरका जराशा, बाई."

"हात लावायचा नाई!" मी मातीवर आडवी पडले.

तो बिचारा दोन पावलं मागे झाला. "माहं मडकं आहे जी. मोहाचं."

त्यानं कडेनं माती उकरली. खरंच मडकं. आंबलेल्या मोहफुलांचा भपकारा आला. मी कुणाच्या तरी दारूला अंगाई म्हणत होते! आज सांगताना हसू येतं. तो मात्र हसला नाही. मडकं तिथंच टाकून गेला आणि संध्याकाळी यांना गाठून म्हणाला, "भाऊ, तुमची बाई माह्या मडक्यापाशी रडून राह्यली होती. पोराशी बोलून राह्यली होती."

दुसऱ्या दिवशी यांनी स्वतः गडवा भरून माझ्या हातात दिला आणि पुढे चालू लागले.

"तू कुठी चालला तिच्यासंगं?" सासू ओरडली.

"वाघ फिरून राह्यला तिकडं."

वाघापुढे ती काय बोलणार?

हे मला आमच्याच धानाच्या बांधीवर, म्हणजे खाचरावर घेऊन गेले. रोवणी झाली होती, पाणी तुडुंब. "इथी," त्यांनी बांधाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मग थोडे सरकले. "नाई, तिथी. पळसाचं खोड होतं." खोड नव्हतं. पावसाआधी सासऱ्यांनी जुना बांध फोडून नवा घातला होता. हे या टोकाहून त्या टोकाला गेले, परत आले, वाकून चिखलात हात घालून चाचपू लागले.

"मले वाटलं, मले ध्यानात राहीन," म्हणाले, आणि चिखलातच बसले.

मी यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. इतके दिवस मी समजत होते, की मला नाही तरी निदान यांना ती जागा ठाऊक आहे.

गडवा परसाकडचा, ते साऱ्या गावाला ठाऊक. तरी त्यातलं पाणी मी बांधावर ओतत गेले, बारीक धारेनं, टोकापर्यंत पुरवून. कुठेतरी त्याला पोचलं असेल.

नंतर दोन मुलं झाली, नातवंडं झाली. पोट पुरतं बरं कधीच झालं नाही, सांभाळता मात्र आलं. जेवण वेळेवर, मिरची बेतानं, दुपारी ताक. मनात काही अडकलं तर बोलून टाकायचं, हे सगळ्यात उशिरा जमलं. आताच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, आतडं धडधाकट आहे, नुसतं चिडखोर आहे. मी म्हटलं, सासूवर गेलं असेल.

घरात आता संडास आहे, नळ आहे. तरी मुरडा उठला की पाय आधी मागच्या दाराकडे वळतात. नात ओरडते, "आजी, तिकडं कुठी?"

"चुकली वो," म्हणते मी, आणि कडीवरचा हात काढून घेते.