आग्नेल सरांची करंडी

उमेळे गावात चर्चच्या सणाच्या पताका घरोघरी कापतात आणि कापलेली प्रत्येक पताका आग्नेल सरांच्या पट्टीखालून जाते. हा नियम फादरांनी केला नाही, सरांनीही केला नाही. तो पडला आणि कुणी मोडला नाही. सरांनी उभा जन्म भूमिती शिकवण्यात घालवला. त्रिकोण समोर आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे, असं ते वर्गात सांगत. पहिला बाजूंचा: तिन्ही सारख्या तर समभुज, दोन सारख्या तर समद्विभुज, एकही जुळत नसेल तर विषमभुज. दुसरा कोनांचा: सगळे काटकोनाहून लहान तर लघुकोन, एक नेमका काटकोन तर काटकोन त्रिकोण, आणि एक त्याहून मोठा तर विशालकोन. नजरेने सांगायचं नाही, मोजून सांगायचं.

पताकांच्या बाबतीत मात्र सर पहिल्या प्रश्नावरच थांबत. वरची कड सुतळीवर दुमडून खळीने चिकटवायची आणि खाली लोंबणाऱ्या दोन्ही बाजू सारख्या हव्यात. समद्विभुज नसेल ती पताका सरळ करंडीत. कागदाची घडी घालून कापलं की बाजू आपोआप सारख्या येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण घडीची रेघ उन्हात पांढरी पडते, म्हणून सरांनी घडीलाही बंदी घातली होती. मग दुसरं काय होणार? करंडी दरवर्षी भरे, आणि तिच्यात निम्मा माल शेजारच्या व्हिन्सेंटचा असे. व्हिन्सेंट बँकेतून निवृत्त झालेला, सरांचा लहानपणापासूनचा मित्र, पण हाताचा उतावळा. खालून कोण पट्टी लावून बघतंय, असं तो दर सणाला कुरकुरे आणि सर दर सणाला त्याच्या पताका बाद करत.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, चालणं-बोलणं सुधारलं, उजव्या हाताचा कंप तेवढा राहिला. कप डाव्या हाताने धरता येतो, कात्री येत नाही. यंदा ते दार लोटून पताका कापायला बसले, तेव्हा त्यांच्या बायकोने, मार्गारेटने, फटीतून कात्री रेघेवरून घसरताना पाहिली. घडी घालून कापा, असं तिने सुचवलं. सरांनी कात्री पुन्हा रेघेवर ठेवली. मग यंदा राहू दे, मी कमिटीला सांगते, म्हणाली, तेव्हा मात्र ते कडाडले. पताका सुटल्या की माणूस सणाला नुसता जेवायला जातो, असं त्यांचं म्हणणं. शाळा सुटली होती, वाडीतलं शिंपणंही सुटलं होतं. गावात त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेही जाईल या भीतीने त्यांना झोप लागत नव्हती.

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या आवारात टेबल मांडलं. पट्टी यंदा रिचेलने धरली. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, आता सणाच्या कमिटीत. एकेका घराचा गठ्ठा तपासत ती सरांच्या गठ्ठ्यापाशी आली. तिने पताकेच्या एका बाजूला पट्टी लावली, मग दुसऱ्या बाजूला. बोटभर फरक होता. आजूबाजूच्या बायकांना एकदम खळ ढवळायची आठवण झाली. रिचेल समद्विभुज म्हणाली असती तर कुणी ब्र काढला नसता.

"सर, विषमभुज," ती म्हणाली.

"पुढची?"

"तीही."

सरांनी आपला गठ्ठा स्वतः उचलून करंडीत टाकला आणि ते घरी जायला उठले.

"बसा, सर. तुमचा दुसरा प्रश्न राहिलाय," रिचेल म्हणाली, आणि तिने अख्खी करंडी टेबलावर ओतली.

आता ती कोन पाहू लागली. पताका लांबट, विशालकोन असलाच तर तो वरच्या कोपऱ्यात असतो. मग टोक कडेच्या बाहेर जातं आणि वाऱ्याने सुतळीला गुंडाळलं जातं. तेवढ्या तिने बाजूला काढल्या. लघुकोन असलेल्यांचं टोक कडेखालीच राहतं, बाजू सारख्या असोत वा नसोत. काटकोनवाल्यांचं काय, असं तिने विचारलं. सरांनी एक उचलून सुतळीला लावून पाहिली, मग त्याही चालतील म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या साऱ्या लघुकोन निघाल्या. व्हिन्सेंटच्याही, दोन-तीन सोडल्या तर. सरांना राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

सणाच्या दिवशी आवारभर पताका फडफडत होत्या. व्हिन्सेंट सरांशेजारी येऊन उभा राहिला.

"यातल्या तुझ्या कुठल्या?" त्याने विचारलं.

सरांनी मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "ओळखू येत नाहीत."

"माझ्याही येत नाहीत. कधीच आल्या नसत्या, आग्नेल."

सर सुतळीकडे बघत राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मीच दुसरा प्रश्न विचारला नाही."

व्हिन्सेंटने ते ऐकून घेतलं, त्यांचा उजवा हात धरला आणि जेवायला चल म्हणाला.