पॅकेजमधला गुडघा

दवाखान्याला पैसे कसे मिळतात यावर डॉक्टरचा सल्ला किती बदलतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. विम्याचं ठरीव पॅकेज असलं की पेशंट लवकर घरी. रोजचं बिल असलं की मुक्काम लांबतो. हे वर्षानुवर्षं वाचून मला खोडच लागली. डॉक्टर सरळ बोलला तरी माझं लक्ष त्याच्या खिशाकडे जातं.

त्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेही पॅकेजमध्येच. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. बाहेर रस्ते ओस पडलेले, आत कूलर घरघरत होता आणि त्याच्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास खोलीभर भरून राहिला होता. सकाळी डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी न्या." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जास्तीचा दिवस म्हणजे खर्च त्यांच्या पदरचा! "ती धड जेवतही नाही, आणखी थांबू द्या," म्हणून मी अडून बसले. आईला सक्करदऱ्याच्या घराची ओढ लागली होती. ती रुसून डोळे मिटून पडली.

दुपारी मलाही डुलकी लागली. आई झोपेत पुटपुटत होती, "मिरच्या पलटवा वं, वाळून राहिल्या." तिचं माहेर भिवापूरचं. मिरचीच्या दिवसांत तिथली अंगणं लाल होतात. अर्धवट झोपेत मला खोलीची फरशीही लाल दिसू लागली, आणि त्या लालीतून आई परकर सावरत चाललेली, झपझप, दुखऱ्या गुडघ्याची गोष्टच नाही. मला जागं व्हावंसं वाटेना.

डोळे उघडले तर ती टक्क जागी. "घरी ठेचा हाय का वं?"

तिच्या माहेरी एक पारख आहे: आजाऱ्याने मिरची मागितली की तो बरा झाला. तरी संध्याकाळी मी डॉक्टरांना तोंडावर विचारलंच, "पलंग लवकर रिकामा झाला तर तुमचाच फायदा ना?" ते हसले. "आहे ना फायदा. पण जखम कोरडी आहे, त्या चालताहेत. मी दुसरं काय सांगू?" मला रागच आला, कारण दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी आई घरी आली. भाकरी-ठेचा खाताना तिच्या नाकावर घाम डवरला. मी अजून कुरकुरतच होते, "साधलं ना शेवटी डॉक्टरांचं!"

"साधलं त साधलं वं," आई म्हणाली, "मले माहं घर भेटलं ना."

माझे डोळे भरून आले. खापर मी ठेच्यावर फोडलं.